‘प्रत्येक मुलाचा वेगळा प्लॅन’ आणि माझे सात आठवडे

क्लासच्या काउंटरवरच्या मॅडम सातव्यांदा “बसा ना, सर येतच आहेत” म्हणाल्या, तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं.

लेक नववीत, सीबीएसई, दुसरी भाषा जर्मन. सहामाहीत गणितात ८० पैकी ३७, विज्ञानात त्याच्याच आसपास आणि जर्मन काठावर. नवरा म्हणाला, मीच शिकवतो. तो प्रयोग दोन रविवार टिकला, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. घोडबंदर रोडवरच्या एका क्लासची जाहिरात होती: गणित, विज्ञान, जर्मन सगळं एकाच ठिकाणी, एका वेळी एकच विद्यार्थी, प्रत्येक मुलाचा वेगळा प्लॅन. मला हेच हवं होतं. तिचे जुने पेपर पिशवीत घालून नेले, पण ते कुणी उघडूनही बघितले नाहीत. त्याऐवजी चार पानी फॉर्म भरून घेतला (त्यात आवडता रंगही होता), टॅबवर टिकमार्कची चाचणी झाली आणि १०,००० रुपये ॲडव्हान्स, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० मी मुकाट भरले. चूक माझीच. शिकवणार कोण, त्या माणसाला भेटल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे आता सगळ्यांना सांगत फिरते.

दोन आठवड्यांनी प्लॅन मिळाला. स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख. तिसऱ्या पानावर कुणा दुसऱ्याच मुलाचं नाव! ‘याला जीवशास्त्राची भीती वाटते.’ आमच्या लेकीला विज्ञानात तेवढंच आवडतं. जर्मनच्या पानावर एकच ओळ: रोज १० शब्द पाठ करणे. जर्मन कोण शिकवणार, विचारलं. “ते ऑनलाइन आहे मॅम, आमच्या दुसऱ्या शाखेची बॅच आहे.” बॅच? मग एका वेळी एकच विद्यार्थी त्याचं काय? “स्क्रीनसमोर ती एकटीच असणार ना मॅम.”

मी तिथेच पैसे परत मागितले. आणि मग सुरू झाली वारी. अकाउंट्सवाले फक्त मंगळवारी बसतात. मंगळवारी गेले, तर मूळ पावती हवी. पावती नेली, तर रद्द केलेला चेक हवा. तोही नेला, तर क्लास सोडण्याच्या कारणाचा फॉर्म. त्यात चार पर्याय होते: बदली, आजारपण, आर्थिक अडचण, इतर. ‘इतर’वर खूण करून पुढे लिहिलं, ‘प्लॅन दुसऱ्याच्या मुलाचा आहे’. मॅडमनी वाचून फॉर्म परत दिला, “असं नका ना लिहू.” दर वेळी ऑफिसमधून अर्धी रजा, त्यात मेट्रोच्या कामापायी रस्त्यावर खोळंबा, आणि समोर तेच, “सर येतच आहेत.” ते सर मी आजतागायत पाहिलेले नाहीत.

शेवटी बहिणीने शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगसाठीच्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या. विद्यार्थ्याने मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरने प्रवेशच देऊ नये, असंही आहे. ते वाचून मीच जरा चपापले. साधा अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या, एकीवर तारखेसकट शिक्का मारून घेतला. (तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका, पहिल्याच दिवशी हे करा.) १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करते, असंही शांतपणे सांगितलं. पुढच्या आठवड्यात १०,००० खात्यात आले. जीएसटी? “तो सरकारकडे गेला मॅम.”

बाकीचं सोपं निघालं. पाचपाखाडीतल्या एका निवृत्त सरांनी तिचे जुने पेपर सतरंजीवर मांडले आणि लाल पेन्सिलीने गोल करत गेले. वीस मिनिटांत निदान. कंसाबाहेर उणे असलं की ती आतलं पहिलं चिन्ह बदलायची, दुसरं तसंच ठेवायची. विज्ञानात ब्रेक लावलेल्या गाडीचं गणित, तिथेही त्वरणाचं उणे गायब. शिवाय ताशी ७२ किलोमीटरचे सेकंदाला २० मीटर न करता ७२ तसेच सूत्रात. दोन विषय, दुखणं एकच. सरांनी दोन्ही घेतले. फॉर्म नाही, आवडता रंग नाही.

जर्मनसाठी नौपाड्यातली एक मुलगी मिळाली, मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या बी-२ पातळीपर्यंत शिकलेली. जर्मनमध्ये नामाआधी लिंगाप्रमाणे लागणाऱ्या डेर, डी, डास यातला ‘डास’ ऐकून घरात आधी ऑलआउटचे विनोद झाले. तिने मात्र मराठीच कामाला लावली. आपल्याकडे तो, ती, ते आहेच. ‘मूल’चं ‘मुलाला’ होतं, तसं जर्मनमध्ये ‘डास किंड’चं ‘डेम किंड’ होतं. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच. लेक म्हणाली, “आई, हे तर मला येतं!”

हो, एक राहिलंच. पैसे परत घेताना त्यांच्या यादीतून नंबरही काढायला सांगा. मी विसरले. अजून दर शनिवारी संध्याकाळी मेसेज येतो: तुमचा पाल्य आज गैरहजर आहे.