हिना ठेवू का म्हणे

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत सध्या बारशांचा सीझन चालूये, आणि प्रत्येकाला असं नाव हवंय जे शाळेत दुसऱ्या कुणाचं नसेल. खालच्या मजल्यावरची वहिनी विचारत होती, "ताई, हिना ठेवू का, जपानी आहे, नेटवर अर्थ सूर्यप्रकाश दिलाय." सासूबाईंचं लगेच, "हीन? शी!" मी थोडंफार जपानी शिकलेय, मग काय, गप्प बसवेना.

मुळात नुसत्या हिनाला एक असा अर्थ नाहीच, आईबाप कुठली कांजी, म्हणजे स्वतःचा अर्थ असलेली जपानी अक्षरं, निवडतात त्यावर सगळं. जास्त चालते ती जोडी म्हणजे पहिलं अक्षर ऊन आणि दुसरं चक्क पालेभाजी! हसू नका, वसंतात तिकडे शेतं, नदीकाठ पिवळेधमक करणारी मोहरीच्या जातीची फुलं असतात ना, नानोहाना, त्यांच्या नावातही तेच अक्षर आहे, त्यामुळे जपानी माणसाला मेथीची जुडी नाही आठवत. वेगळ्या कांजीने लिहिलं की हिना म्हणजे पिल्लू, आणि ३ मार्चला हिनामात्सुरीला मुलींसाठी बाहुल्या मांडतात त्यातलं हिना ते हेच.

मेइजी यासुदा ही विमा कंपनी दरवर्षी नावांची यादी काढते, त्यात २००० नंतरच्या दशकात उन्हाची हिना पार टॉपला होती. आता हिमारीची चलती आहे. गंमत म्हणजे हिमारीतही बहुतेकदा पहिलं अक्षर तेच उन्हाचं, आणि ह्या पोरींच्या आज्यांच्या पिढीतल्या कितीतरी योकोंचंही तेच, फक्त तिथे वाचायचं 'यो'. शेवटचं 'को' म्हणजे मूल, एकेकाळी तिकडे ढिगाने मुली को-वाल्या, आपल्या लीलावती-प्रभावतींसारख्या, मग ते जुनाट वाटायला लागलं. राजघराण्यात मात्र टिकलंय, २००१ मध्ये जन्मलेली राजकन्या आइकोच आहे.

बाकी हौस आपल्यासारखीच. आपण पत्रिकेतून अक्षर काढतो, ते कांजीचे स्ट्रोक, म्हणजे लिहितानाच्या रेघा, मोजून शुभ-अशुभ बघतात, उन्हाचे १२ आणि भाजीचे ११, झाले २३, मग त्यात आडनावाचे मिळवा. हे ऐकल्यावर सासूबाई एकदम इंटरेस्ट घेऊन म्हणाल्या, "मग आपल्या आडनावाचे किती होतात गं?"