रतनवाडीचे काजवे, तिसरी रात्र : दोष फोकसचा नव्हता

मागच्या नोंदीत भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीत सादड्याच्या झाडाखाली काजव्यांच्या फ्रेम धूसर येऊन सलग दोन रात्री वाया गेल्याचे सांगताना मी सगळे खापर भिंगाच्या फोकसच्या कड्यावर फोडले होते. ते आता मागे घेतो. परवा तिसऱ्या रात्री ३० सेकंदांच्या २१४ फ्रेम घेतल्या आणि त्यांपैकी २०९ निर्दोष निघाल्या. उरलेल्या पाच वळणावरून आलेल्या एका जीपच्या हेडलाइटने खाल्ल्या, पण त्याला इलाज नाही. एप्रिलमध्ये सांदण दरी उरकली, करवंदांच्या दोन फेऱ्याही झाल्या. परंतु माझ्या लेखी उन्हाळ्याची खरी भटकंती वळवाचे दोन शिडकावे झाल्यावरच सुरू होते.

पहिल्या रात्रीनंतर मला वाटले होते की मे महिन्याच्या उष्म्याने कड्यावर लावलेल्या चिकटपट्टीचा गोंद पातळ होऊन कडे सरकले असावे. (इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी या कामाला कुचकामी आहे, हे माझे मत मात्र कायम आहे.) म्हणून दुसऱ्या रात्री सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटे रुंद तुकडा कड्यावर ताणून बसवला. कडे केसभरही हलले नाही, तरीही पहिल्या चाळीसेक फ्रेम काटेकोर आणि पुढे हळूहळू बिघाड, हाच क्रम पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत बसून मी एकेक फ्रेम मोठी करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. फोकस सरकला असता तर काजव्याचा प्रत्येक ठिपका कपाळावरच्या टिकलीसारखा पसरट आणि कडेला रेखीव दिसायला हवा होता. माझ्या ठिपक्यांचा गाभा टोकदार होता आणि भोवती दुधी वलय होते. म्हणजे कडे जागेवर होते आणि भिंगाच्या पुढच्या काचेवर दव धरत होते.

ठिकाणाचा विचार केला तर यात नवल नव्हते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचे पाणी मेअखेरीस बरेच मागे हटते, पण माझा सादडा त्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यात वळवाने जमीन भिजलेली, आणि आभाळ मोकळे झाले की उघडी काच भोवतालच्या हवेपेक्षा लवकर निवते. मी तेथे टॉर्च लावत नाही, कारण खालच्या झुडपांत बसलेली मादी नराच्या लुकलुकण्याला प्रकाशानेच उत्तर देते आणि आपल्या उजेडात तो संवादच तुटतो. त्यामुळे अंधारात काच दिसली नाही आणि घरी आणून पाहावे तर ती कोरडी ठणठणीत. मध्येच पुसण्याचाही उपयोग नव्हता; कॅमेऱ्याला धक्का लागला की स्टॅकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेम एकमेकींवर रचताना, झाड दुहेरी उमटते.

काच तापवणारा तयार पट्टा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता. तो भिंगाच्या घेराला दोन बोटे तोकडा निघाला, शिवाय त्यावरचा दिवा इतका निळाशार होता की काजव्यांनाच लाजवावे. तो परत पाठवला आणि संगमनेरहून १०० ओमचे, अर्ध्या वॅटचे दहा रेझिस्टर (वीज वाहताना तापणारे छोटे रोधक) आणून समांतर जोडले. पाच व्होल्टवर त्यांतून अर्धा अँपिअर वाहतो, म्हणजे एकूण अडीच वॅट. काच हाताला जेमतेम कोमट लागते आणि तेवढे पुरते. वरून जुन्या पायमोज्याचे कापड शिवले, पॉवर बँकेचे दिवे मात्र त्याच कुचकामी काळ्या पट्टीने झाकले. साडेसातला सुरुवात केली ती सव्वानऊनंतरही काच स्वच्छ होती. लाइटन मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला उजळ ठिपका तेवढा राखत, थर चढू लागले तशी सादड्याची एकेक फांदी उजेडाने भरत गेली आणि मी जेवायचे ताट तसेच ठेवून तासभर पडद्यासमोर बसून राहिलो.

आता पुढच्या फेरीत अमृतेश्वराच्या देवळाच्या मागच्या बाजूचा हिरडा रुंद भिंगाने टिपायचा, असे ठरवले होते. घाटघरचा विचार सोडला होता, कारण तेथे कोकणातून वर येणारे ढग थेट अंगावर येतात. पण हे लिहितानाच ध्यानात येते की पट्टा रात्रभर चालत असेल तर काजव्यांपुरते थांबायचे कारण नाही. अमावास्येला रतनगडावर मुक्काम करून नेढ्याजवळून, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाजवळून, आकाशगंगेची मालिका घेता येईल. दर वर्षी तेथेही मध्यरात्रीनंतरच्या फ्रेम धूसर येत आणि मी धुळीला दोष देत असे. ते दवच असणार. तेव्हा हिरडा आधी, लगेच, आणि अमावास्या गडावर. वळीव बरसला तर गडाच्या शिड्यांच्या वाटेला जायचे नाही, मग पाठराखीण म्हणून घाटघरच पुन्हा यादीत घेतो. ढगात पट्ट्याची खरी परीक्षा तरी होईल. रुंद भिंगाचा घेर मोठा असल्याने आणखी चार रेझिस्टर लागतील, आणि जोडणीचा एक सोल्डरचा डाग सुटू लागला आहे, तो आज संध्याकाळीच पुन्हा द्यायचा आहे.