डीप फ्रीझरमधले दिवाळी अंक

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर माझा कॅफे आहे. सहा टेबलं आणि दोन भिंती भरून पुस्तकं. हल्ली काही ठिकाणी किलोवर पुस्तकं आणून फोटोपुरती मांडतात, ते बघून माझं डोकं फिरतं. माझ्याकडची पुस्तकं कुणाच्या ना कुणाच्या घरून आलेली. मुलं परदेशी, फ्लॅट लहान, रद्दीत घालायचा धीर होत नाही. भिलारचं पुस्तकांचं गाव २०१७ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिकडून परतणारेही अधूनमधून डोकावतात.

तो जुलैतला मंगळवार होता. शटर उचललं आणि चप्पल पाण्यात. गच्चीवरची पन्हळ पाल्याने तुंबली होती आणि रात्रभराचं पाणी भिंतीतून थेट मागच्या फळ्यांवर उतरलं होतं. (पन्हळ साफ करणं मे महिन्यापासून माझ्याच यादीत होतं.) शंभरेक पुस्तकं भिजलेली. त्यात सरांनी दिलेले जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठेही होते.

सर म्हणजे माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. एका फिल्टर कॉफीवर चार तास. बायको गेल्यावर त्यांनी तिचे अंक इथे आणून ठेवले, आणि रोज येऊन तेच वाचतात.

ऊन तर नव्हतंच. मी सरळ ओव्हन पेटवायला निघाले. सुदैवाने आधी पुण्यातल्या ग्रंथपाल मैत्रिणीला फोन लावला. ती ओरडलीच. "ओव्हन नको! दोन दिवसांत बुरशी धरेल. आज हातून होतील तेवढी वाळव, बाकीची गोठव."

"गोठव?"

"डीप फ्रीझर आहे ना तुझ्याकडे?"

गोठलं की बुरशीची वाढ थांबते. शिवाय दिवाळी अंकांतल्या जाहिरातींचा तो गुळगुळीत कागद ओला असताना नुसता वाळवला, तर पानं चिकटून वीट होते. गोठवून ठेवलं की एकेक गठ्ठा सवडीने काढता येतो.

फ्रीझरमध्ये मात्र आइस्क्रीम होतं, आणि भिंतीचं पाणी प्यायलेली पुस्तकं खाण्याच्या वस्तूंबरोबर ठेवणं शक्यच नव्हतं. दहा वाजेपर्यंत नेहमीची मंडळी जमली होती: सर, एमपीएससीची तीन पोरं, लॅपटॉपवाले, समोरच्या शिंपीकाकू. मी सांगून टाकलं, "आज कॉफी नाही. आइस्क्रीम संपवा आणि कामाला लागा." बाहेर धो धो पाऊस आणि आत अकरा माणसं कुडकुडत मँगो आइस्क्रीम खातायत!

मग टेबलं ओढून मांडली. एमपीएससीवाल्यांनी टिश्यूचे रोल फाडून दर दहा-पंधरा पानांनंतर एक तुकडा घातला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पुस्तकं पंख्यासारखी उघडून उभी केली आणि टेबलफॅन लावले. कामवाल्या मावशी टिश्यू बदलत फिरत होत्या आणि दर वेळी म्हणत होत्या, "बाळंतिणीची खोली झाली बाई ही." गठ्ठे आम्ही सँडविचच्या बटर पेपरमध्ये गुंडाळून, कणा खाली करून फ्रीझरमध्ये रचले. शेवटचा गठ्ठा सरांनी स्वतः ठेवला. एक शब्द न बोलता.

दहा-बारा पुस्तकं टाकावीच लागली. पहिल्या पानांवरच्या शाईच्या सह्या बहुतेक निळ्या ढगांसारख्या पसरल्या होत्या. ते बघवेना.

त्या मोसमात आइस्क्रीम विकलंच नाही. दर आठवड्याला एक गठ्ठा बाहेर काढायचा आणि टिश्यू घालत वाळवायचा. सरांचा शेवटचा गठ्ठा दिवाळीच्या तोंडावर निघाला. जाहिरातींची चार पानं चिकटली ती चिकटलीच, पण फराळाचा विभाग शाबूत होता, आणि समासात सरांच्या बायकोचं पेन्सिलीतलं अक्षरही. शाई वाहून गेली तरी पेन्सिल टिकते, हे मला तेव्हा कळलं. चिरोट्यांच्या कृतीपाशी लिहिलं होतं, "मोहन कमी पडतं. दरवर्षी बिघडतात."

सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"साफ खोटं," ते म्हणाले, "एकदाही बिघडले नव्हते."