वाटणीतली पिकअप

वाहनांचे मूल्यांकन करताना माझी गाठ बहुधा पतसंस्थेशी किंवा विमा कंपनीशी पडते. पण 2024 च्या उन्हाळ्यात नारायणगावजवळच्या एका वस्तीवर मला बोलावले ते दोन भावांनी. शेताची वाटणी झाली होती आणि राहिली होती ती 2014 सालची बोलेरो पिकअप. गाडी धाकट्याने ठेवायची आणि ठरलेल्या किमतीतला निम्मा हिस्सा थोरल्याला रोख द्यायचा, असे ठरले होते. किंमत तेवढी ठरत नव्हती.

थोरल्याने आधी विम्याची पॉलिसी पुढे केली. तीत गाडीची किंमत 3,60,000 रुपये लिहिलेली होती, त्यामुळे प्रश्न मिटला असे त्याला वाटत होते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी घसाऱ्याची टक्केवारी ठरलेली असते, परंतु त्यानंतर तो आकडा विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात, म्हणून बाजारभावाचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही, हे मी त्याला समजावले. धाकट्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले, पण ते फार वेळ टिकले नाही, कारण मी मीटरकडे वळलो.

मीटरवर 1,12,000 किलोमीटर होते, आणि क्लचच्या पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले होते. मी काही विचारण्याआधीच धाकट्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातून तेलाचे डाग पडलेली एक वही काढली. मीटर 2018 मध्ये बंद पडले होते आणि तेव्हापासून टोमॅटोची वाशीची प्रत्येक खेप त्याने त्या वहीत लिहून ठेवली होती. दर तीस खेपांनी ऑइल बदलल्याची तारीखही होती. 620 खेपा भरल्या. माळशेज घाटाने जाऊन-येऊन साधारण तीनशे किलोमीटर धरले, तर मीटरवरचे धरून गाडी तीन लाख किलोमीटरच्या घरात गेलेली होती.

इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले, तेव्हा धूर झटक्याझटक्याने बाहेर येऊ लागला; म्हणजे इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा थकलेल्या होत्या. एरवी मी यासाठी 60,000 कापले असते, पण ऑइल वेळेवर बदलल्याचा लेखी पुरावा जुन्या मालवाहू गाडीबरोबर सहसा मिळत नाही, म्हणून 45,000 च कापले. चारही टायरांच्या कडेला 1118 हा आकडा होता, म्हणजे ते 2018 च्या अकराव्या आठवड्यात बनलेले, म्हणून त्यांचे 28,000 कापले.

मग गाडीखाली आडवा झालो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चासीवरून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरून, हात फिरवताना रंगाखाली एक उंचवटा बोटांना लागला. खरवडल्यावर वेल्डिंगची शिवण दिसली. धाकटा म्हणाला, ‘‘मला हे माहीत नव्हतं.’’ थोरला थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘ते मीच करून घेतलं होतं. क्रेट जास्त भरले होते.’’ स्वतःचेच पैसे कमी करणारे ते वाक्य त्याने माझ्याकडे न बघता उच्चारले.

वेल्डिंगचा खर्च झालेलाच होता, तरी मी 40,000 वजा केले. आठ वर्षे उलटलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते आणि तिथे चासी बघितली जाते. शिवाय उद्या गाडी विकायची झाली, तर शिवण बघून कोणताही गिऱ्हाईक भाव पाडणारच. त्याच मॉडेलला दोन ठिकाणी विचारून मी आधार धरला होता 3,30,000 चा. सगळी वजाबाकी होऊन 2,17,000 उरले, आणि थोरल्याचा हिस्सा 1,08,500 झाला.

धाकट्याने आकडा दोनदा वाचला. थोरल्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि धाकट्याला फक्त एवढेच म्हणाला, ‘‘पावसाआधी टायर बदल.’’ माझी फी मात्र दोघांनी वेगवेगळी, निम्मी निम्मी मोजून दिली.