जावा, डॉटनेट, की दोन्ही?

पहिल्या नोकरीत रुळत असलेली मंडळी मला वारंवार विचारतात, की जावा आणि डॉटनेट या सॉफ्टवेअर लिहिण्याच्या दोन प्लॅटफॉर्मपैकी जावावरच पकड पक्की करावी, की बरोबरीने डॉटनेटही शिकावे, म्हणजे दोन्हीकडच्या नोकऱ्यांची वाट मोकळी राहील? तुम्हीही तेच विचारलेत. माझे उत्तर असे, की सुरुवातीची दोन-तीन वर्षे एकालाच द्या आणि त्याच्या तळापर्यंत जा. दुसरा प्लॅटफॉर्म नंतर जरूर शिका, पण मुख्यतः पहिला अधिक समजावा म्हणून.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा आणली आणि मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये डॉटनेटची पहिली आवृत्ती. प्रोग्राम चालवणारे व्हर्च्युअल मशीन, नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर, वर्गांची (क्लासेसची) मांडणी या सगळ्यांत दोन्हींची ठेवण इतकी सारखी आहे, की दोन्ही एकदम शिकणाऱ्याच्या हाती बहुधा दोन सिंटॅक्स (कोड लिहिण्याचे नियम) आणि दोन लायब्ररींची नावे एवढेच लागते. मुलाखतीपुरते ते पुरतेही. मात्र चालू सर्व्हर मध्येच अडखळू लागतो, तेव्हा हीप डंप, म्हणजे त्या क्षणी मेमरीत असलेल्या ऑब्जेक्ट्सची नोंद, उघडून कोणत्या ऑब्जेक्टने कोणाला धरून ठेवले आहे हे शोधावे लागते, आणि ती नजर एकाच ठिकाणी मुरल्याशिवाय येत नाही.

तळापर्यंत जाणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. जावामध्ये इंटिजर या, संख्येला ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणाऱ्या प्रकारच्या दोन व्हेरिएबल्समध्ये थेट १२७ ठेवून दुहेरी बरोबर-चिन्हाने तुलना केली, तर उत्तर ट्रू येते. १२८ ठेवले, तर सहसा फॉल्स. हे चिन्ह इथे मूल्य पाहत नाही, दोन्ही व्हेरिएबल्स एकाच ऑब्जेक्टकडे निर्देश करतात का एवढेच पाहते, आणि उणे १२८ ते १२७ या संख्यांचे ऑब्जेक्ट जावा पुन्हा पुन्हा तेच वापरते. एवढे पाठ करून थांबता येते. पण साध्या संख्येला ऑब्जेक्टचे वेष्टन मुळात का लागते, असे जो विचारतो, तो २००४ च्या जावा ५ पर्यंत पोहोचतो: जेनेरिक्स, म्हणजे लिस्टसारख्या वर्गात कोणत्या प्रकारच्या गोष्टी राहतील हे कोडमध्येच सांगण्याची सोय, आणताना जुना कोड चालत राहावा म्हणून प्रकारांची माहिती कंपाइल होताना पुसण्याचे ठरले, आणि त्यामुळे अशा लिस्टमध्ये नुसती संख्या ठेवता येत नाही.

डॉटनेटची मुख्य भाषा असलेल्या सी शार्पकडे पाहण्याची वेळ इथे येते. तिथे २००५ मध्ये जेनेरिक्स थेट रनटाइममध्येच, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेतच, घेतले गेले, म्हणून संख्यांची लिस्ट खरोखर संख्याच साठवते. त्याचे मोल म्हणून लिस्टसारख्या जुन्या कलेक्शन वर्गांशेजारी नव्या वर्गांचा वेगळा संच उभा करावा लागला. जावाचा नियम ज्याने निसर्गनियमासारखा मानला होता, त्याला तो एक निर्णय होता हे आता दिसते. माझ्या मते दुसऱ्या प्लॅटफॉर्मचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, आणि पहिला कच्चा असेल तर तो मिळत नाही.

एक मात्र जपा: एकच निवडणे म्हणजे एखाद्या अरुंद साधनाला बांधून घेणे नव्हे. ब्राउझरमध्ये चालणारी ॲप्लिकेशन्स बनवण्याच्या सिल्व्हरलाइट या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये संपवला, तरी त्यावर काम करताना सी शार्प आणि रनटाइम नीट शिकलेल्यांचे ज्ञान आजही चालते. आणि दुसरीकडे वळाल तेव्हा नव्या अभ्यासक्रमापासून सुरुवात करू नका. स्वतः लिहिलेला, खाचाखोचांसह माहीत असलेला एखादा छोटा प्रोग्राम तिथे पुन्हा लिहा, आणि जिथे हात अडेल तिथे दोन्हींचे दस्तऐवज शेजारी ठेवून वाचा.