तुम्ही विचारलंत म्हणून: अम्माचं घर झालं कसं?

पुण्यात बहिणीकडे गेलो की तिचे शेजारी हमखास विचारतात, "आम्ही वीस-वीस वर्षं हप्ते फेडतोय, आणि विडी वळणाऱ्या तुमच्या अम्माचं सोलापुरात स्वतःचं घर? झालं कसं?"

मोर्चे काढून झालं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले. भाड्याची एक खोली. अम्मा दाराशी बसायची, कारण उजेड तेवढाच. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्री चालायची. हजार विड्या झाल्या की कारखान्यात द्यायच्या. तिथला माणूस मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. भाताला तंबाखूचा वास यायचा. आम्हाला वाटायचं, भाताचाच वास तसा असतो.

अशा बाईला कर्ज कोण देणार? आडम मास्तरांनी, म्हणजे माकपच्या नरसय्या आडम यांनी, विडी कामगार बायकांची गृहनिर्माण संस्था उभी केली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं. हिशेब सोपा होता. घर ६० हजारांचं: २० हजार केंद्राचे, २० राज्याचे, २० बाईचे. अम्मानं तिचे २० हजार कसे जमवले ते ती अजून नीट सांगत नाही. जागा शहराबाहेर, कुंभारीला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते १० हजार घरं मिळाली. पुढे तिथेच रे नगर, ३० हजार घरांचं. त्यातल्या १५ हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये नरेंद्र मोदींनी दिल्या. झेंडा लाल, पंतप्रधान कुठल्याही पक्षाचा. मास्तरांनी घराच्या कामात ते सोवळं पाळलं नाही. तीनदा आमदार झाले, पण आमच्या वस्तीत त्यांची आठवण निघते ती घरांवरून.

मला खुपतं ते वेगळंच. जमीन स्वस्त मिळते ती लांब. विडी घरबसल्या वळता येते, म्हणून अम्माचं निभावलं. माझी बायको शहरात कपडे शिवायला जाते. सकाळची बस चुकली की शेअर रिक्षा, आणि रिक्षा म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीला कात्री. गिरण्या कधीच बंद पडल्या, घरापाशी दुसरं काम आलं नाही. त्यासाठी मोर्चा कुणावर न्यायचा, हेही कुणाला कळत नाही.

हे ऐकून पुण्याचे शेजारी म्हणतात, "म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच की, घर एकीकडे नि काम दुसरीकडे!"


"हो," मी म्हणतो, "फक्त हप्ता नाही."