अंकांचं कपाट, नोंद सातवी: टेस्टला मागच्या दाराने आत घेताना

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: आमच्या सोसायटीत दिवाळी अंक वर्गणी काढून घेतात आणि मग वर्षभर घरोघरी फिरवतात. त्याचा हिशेब वहीतून उचलून जँगोत (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचा सांगाडा) बसवायचा माझा रविवारचा उद्योग चालू आहे. ४८ घरं, एक कपाट आणि किल्ली सांभाळणाऱ्या काकू.

या खेपेला नवीन फीचर नाही. टेस्ट (माझा कोड नीट चालतोय का ते तपासणारा कोड) चालायला ५२ सेकंद लागायला लागले होते, त्याचाच निकाल लावला.

टेस्ट मोजून ८७. मग वेळ खातंय कोण? प्रत्येक टेस्टच्या सेटअपमध्ये मी एक सदस्य तयार करत होतो आणि लगेच त्याच्या पासवर्डने लॉगिन करत होतो. म्हणजे हॅशिंग (पासवर्ड दळून त्याचं न ओळखता येणारं पीठ करणं) दोनदा. जँगो ५.२ मध्ये पीबीकेडीएफ२ या हॅशिंगच्या पद्धतीच्या १० लाख फेऱ्या होतात आणि त्या मुद्दाम ठेवल्यात, पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला दर अंदाजामागे तेवढं दळण दळायला लागावं म्हणून. पण इथे चोरही मीच आणि जातंही माझंच.

लॉगिनचा फॉर्म भरून पाठवण्याच्या जागी टेस्ट क्लायंटचं (टेस्टमधला खोटा ब्राउझर) फोर्स लॉगिन घातलं. त्याला पासवर्ड लागत नाही. सदस्य हातात द्यायचा, ते थेट त्या सदस्याचं सेशन (लॉगिन झाल्याची नोंद) तयार करतं. ही सोय २०१५ सालच्या जँगो १.९ पासून आहे, आणि मी इतकी वर्षं प्रत्येक टेस्टमध्ये पासवर्ड टाइप करत बसलो होतो. वेळ निम्म्याच्या आसपास आला. मग सदस्य तयार करायचं काम सेटअप टेस्ट डेटामध्ये नेलं, म्हणजे टेस्टच्या क्लासमागे (गटामागे) एकदाच, आणि टेस्टच्या वेगळ्या सेटिंग्जमध्ये हॅशर एमडी५ (झटपट, पण कमकुवत) केला. आता ४ सेकंद. (एमडी५ची ती ओळ चुकूनही खऱ्या सेटिंग्जमध्ये नेऊ नका.)

हे सगळं टेस्टच्या फोल्डरमध्ये आहे, ॲपमध्ये एक ओळही नाही. हे आवर्जून लिहितोय, कारण याआधी मी नेमकं उलटं केलं होतं. ब्राउझरमध्ये पटकन बघता यावं म्हणून एक छोटं मिडलवेअर (प्रत्येक पान उघडण्याआधी चालणारा कोड) लिहिलं होतं: पत्त्याच्या शेवटी ‘?मी=काकू’ लिहिलं की तुम्ही काकू. डीबग (चुका सविस्तर दाखवणारी सेटिंग) चालू असेल तरच चालायचं, म्हणून मी निर्धास्त. एका रात्री सर्व्हरवरची एक एरर दिसेना म्हणून तिथे डीबग चालू केला आणि बंद करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर यादीची लिंक टाकली, ती माझ्या ब्राउझरमधून उचललेली, शेपटीसकट. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन: ‘‘अरे, हे मला नमस्कार काकू म्हणतंय.’’ आजोबांच्या हातात अख्ख्या कपाटाचे अधिकार होते. त्यांनी काही केलं नाही, हे माझं नशीब. मिडलवेअर त्याच रात्री काढून टाकलं.

आता खरी गंमत. फोर्स लॉगिन घातल्यावर ८६ टेस्ट हिरव्या, एक लाल. लाल कोणती? ‘वर्गणी थकलेल्या सदस्याला अंक मिळू नये.’ त्याला अंक मिळत होता! आधी वाटलं, फोर्स लॉगिनचीच भानगड. एका अर्थी होतीही. थकबाकीची तपासणी मी लॉगिनच्या फॉर्ममध्ये, ‘कन्फर्म लॉगिन अलाउड’ या फंक्शनमध्ये लिहिली होती आणि फोर्स लॉगिन त्या फॉर्मच्या वाटेने जातच नाही. टेस्टला सूट देऊन विषय मिटवणार होतो. मग चहा करताना डोक्यात आलं की आत आलेल्या माणसाचं काय? जँगोचं सेशन काही न बदलता दोन आठवडे टिकतं. ३० तारखेला लॉगिन केलं आणि १ तारखेला वर्गणी संपली, तर तो गडी पुढचे बारा-तेरा दिवस खुशाल अंक नेणार, कारण त्याला कुणी पुन्हा विचारणारच नाही. पहारेकरी फाटकावर, कपाट उघडं. तपासणी अंक देण्याच्या व्ह्यूमध्ये (ते पान चालवणाऱ्या कोडमध्ये) हलवली. लॉगिनच्या फॉर्ममध्ये आता फक्त पासवर्ड.

लॉगिन पानाच्या मात्र तीन टेस्ट जुन्या पद्धतीनेच ठेवल्यात. बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, आणि लॉगिन न करता यादी उघडली तर लॉगिन पानावर रवानगी होते का. तिथे फोर्स लॉगिन वापरणं म्हणजे कुलूप तपासायला खिडकीतून शिरणं.

ब्राउझरच्या टेस्टसाठी प्लेराइट (खरा ब्राउझर कोडमधून चालवणारं साधन) घेतलं. तिथेही फॉर्म भरत नाही: टेस्ट क्लायंटने फोर्स लॉगिन करायचं, त्याच्या कुकीजमधून सेशनआयडी (सेशनचा क्रमांक) काढायचा आणि लाइव्ह सर्व्हरच्या (टेस्टपुरत्या चालणाऱ्या सर्व्हरच्या) पत्त्यासह ब्राउझरच्या कॉन्टेक्स्टमध्ये घालायचा. तीन ओळींचं काम, पण माझी एक संध्याकाळ गेली. प्लेराइट आतून इव्हेंट लूप (अनेक कामं आलटून पालटून हाताळणारं चक्र) चालवतं, ते दिसलं की जँगो डेटाबेसला हात लावू देत नाही आणि सिंक्रोनस ओन्ली ऑपरेशनची एरर फेकतो. टेस्ट चालवताना ‘जँगो अलाउ असिंक अनसेफ’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ट्रू केला तेव्हा सुटलं.

फायदा पहिल्याच फेरीत झाला. अंक परत करायच्या फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) टाकायचं राहिलं होतं. टेस्ट क्लायंट ते तपासत नाही, म्हणून तिथे सगळं हिरवं. प्लेराइटच्या क्रोमियम ब्राउझरमध्ये बटण दाबलं आणि ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’.

थकबाकीदाराला दिसणारं पान काकूंना दाखवलं. ‘तुमची वर्गणी बाकी आहे’ असं मी लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, ‘‘बाकी लिहू नकोस रे, लोकांना लागतं ते. काकूंना भेटा, एवढंच लिही.’’ पान बदललं, टेस्ट पुन्हा लाल झाली, कारण ती ‘बाकी’ हा शब्द शोधत होती. आता ‘काकूंना भेटा’ शोधते.